वैजयंताबाईंचा उजवा गुडघा

वैजयंताबाई सोनकांबळे यांच्या उजव्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे या एका गुडघ्यापायी एक बाटली तेल, एक एक्स-रे, सोसायटीचा एक ठराव आणि उत्तनच्या माउलीपुढे एक अख्खा मेणाचा पाय कामी येणार आहे, आणि वाचणाऱ्याला मध्येच उगाच त्या गुडघ्याची दया यायची. गुडघा ठणठणीत होता. मीरा रोडला, हाटकेशमधल्या त्या सात मजली इमारतीचे तीन जिने तो दिवसातून चार-चार वेळा चढत होता, आणि तेही लिफ्ट चालू असताना.

लिफ्ट चालू असताना जिने का, हा खरा प्रश्न. तो मात्र कोणीच विचारला नाही. लोक म्हणाले, वैजयंताबाई तब्येतीला जपतात.

बिघडलं होतं ते दुसरंच, आणि ते नेमकं कुठे असतं ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. आपल्याकडे आजार कसा, बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. 'इथे दुखतं' म्हटलं की समोरचा 'अरेरे' म्हणतो. 'दुखत कुठेच नाही, पण जीव थाऱ्यावर नाही' म्हटलं की तो घड्याळाकडे बघतो.

झालं होतं एवढंच. चार महिन्यांपूर्वी लेकीच्या घरून, वसईहून, जावयाच्या गाडीतून परत येताना वरसाव्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला. आता त्या पुलावर ट्रॅफिक तुंबला ही काही बातमी नव्हे. न तुंबला तर लोक फोन करून कळवतात. पण त्या दिवशी पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली खाडी, आणि वैजयंताबाईंच्या छातीत एकदम कोणीतरी धुणं आपटायला घेतलं. हातांना मुंग्या. घशात गोळा. पदर भिजेल इतका घाम. आपण आता, या क्षणी, एका सिमेंटच्या टँकरकडे बघत बघत मरणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. जाताना काहीतरी बोलावं म्हणून त्या नवऱ्याला, कोंडिरामांना, एवढंच म्हणाल्या, "फ्रीजमध्ये कोथिंबीर निवडून ठेवलीये."

हॉस्पिटलात ईसीजी झाला, इको झाला, रक्त काढलं. सगळं नॉर्मल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "काकू, हार्ट एकदम छान आहे. हा पॅनिक अटॅक होता. खोटा नव्हता हां, शरीराला खरंच तसं होतं. पण पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, किंवा त्या भीतीने तुम्ही जाणं-येणंच टाळायला लागलात, तर या मॅडमना भेटा." आणि एक चिठ्ठी दिली. कोंडिराम आणि जावई तेव्हा खाली बिलाच्या रांगेत होते. चिठ्ठीवर नाव, पत्ता आणि 'काउन्सेलर'.

वैजयंताबाईंचा घोर अपमान झाला. माणसाने मरणाच्या दारापर्यंत जाऊन यावं, आणि तिथे आतून कोणीतरी 'नॉर्मल' म्हणून परत पाठवावं? बिल्डिंगमध्ये सांगायचं काय? समोरच्या फ्लॅटमधल्या डॉरिसबायना शुगर होती. सेक्रेटरी आत्मारामभाऊंना स्टोन होता, तो त्यांनी बाटलीत जपून ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायचे. आपल्याकडे दाखवायला काय, तर नॉर्मल.

चिठ्ठी पोह्यांच्या डब्यात तळाशी गेली. त्या डब्यात कोंडिराम कधी हात घालत नाहीत. कोंडिराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी गावाच्या लाइनी जोडून दिल्या; घरातल्या लाइनीवर काय ऐकू येतंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

मग वैजयंताबाईंचं राज्य आकसत गेलं. आधी पूल गेला. पूल हायवेवर, म्हणून हायवे गेला. एकदा केबिन रोडला बांगड्यांच्या दुकानात गर्दी झाली आणि छातीतलं धुणं पुन्हा सुरू झालं, म्हणून केबिन रोड गेला. मग लिफ्ट. उरलं काय, तर तीन जिने, खालचा भाजीवाला आणि गॅसचं बटण. घराबाहेर पडायचं म्हटलं की त्या बटण बघायच्या, कुलूप लावायच्या, दोन जिने उतरायच्या, परत चढायच्या, बटण बघायच्या. बटण बिचारं जागच्या जागी. पण डोक्यात एक बाई येऊन बसली होती. तिचं सगळं बोलणं 'समजा'पासून सुरू व्हायचं. समजा, बटण अर्धंच बंद झालं असेल. समजा, तू लिफ्टमध्ये आणि वीज गेली. वैजयंताबाईंनी तिचं नाव समजाबाई ठेवलं. भाडं न देणारा भाडेकरू निदान लाजतो तरी. ही त्यांच्याच डोक्यात राहून त्यांनाच दम द्यायची.

असं सगळं गुपचूप चाललं असतं, पण वसईच्या लेकीला, सलोनीला, सातवा महिना लागला.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलीला न्यायला आईने स्वतः जायचं, फळं-साडी घेऊन. कोंडिराम एकटे गेले तर सासरची माणसं चहा देतील, पण तो कसा देतील ते सांगायला नको.

"आई, कधी येतेस मला न्यायला?" फोनवर सलोनीने विचारलं.

वैजयंताबाई दारात उभ्या होत्या. डोळ्यांसमोर सिमेंटचा टँकर आला. आणि टँकरच्या पलीकडे, समोरच्या दारात, डॉरिस बोर्जिस चपलांच्या स्टँडवर बसून आपला गुडघा चोळत होत्या. बुडत्याने काडी धरावी तसा वैजयंताबाईंनी तो गुडघा धरला.

"अगं, गुडघा धरलाय," त्या म्हणाल्या. "उजवा. पाऊल टाकवत नाही."

समोर डॉरिसबायचा चोळणारा हात थांबला.

"तुजा पन?" त्या म्हणाल्या. आणि तिथून पुढे वैजयंताबाईंच्या हातात काही राहिलं नाही.

डॉरिसबाय मूळच्या उत्तनच्या. घरचा मासळीचा धंदा, आता भाऊ गेविन बघतो. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे हाटकेशला आल्या, पण दर रविवारी चर्चमधल्या माउलीची गाठ घ्यायला उत्तनला जायच्याच. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. पंधरा मिनिटांत बिल्डिंगला कळलं, अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हात जोडलेली चित्रं टाकली. संध्याकाळी डॉरिसबाय स्वतःच्या तेलाची बाटली घेऊन आल्या.

"ह्ये लाव. माज्या पुतनीनं गोव्यावरनं धाडलंय. दोन येळा. आनि जिना बंद. लिफ्टनं जायचं."

"नको, लिफ्ट नको. सवय राहिली पाहिजे जिन्याची."

"गुडगा मोडलेली बाई जिना चढते? येडी हाय का तू?"

दुसऱ्या दिवसापासून वैजयंताबाई खाली दिसल्या की डॉरिसबाय बकोट धरून त्यांना लिफ्टमध्ये घालायच्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहायच्या. इतके दिवस जिला टाळलं, त्या लिफ्टमध्ये रोज दोन फेऱ्या. दार मिटलं की वैजयंताबाईंना दरदरून घाम. कपाळावर थेंब. ओठ पांढरे.

"बगा," लिफ्टमधल्या बाकीच्यांना डॉरिसबाय सांगायच्या, "किती दुकतंय तिला. पन तोंडातून सबद न्हाय."

पहिल्या मजल्यावरच्या जिग्नाबेन मेथ्या भिजवून आणायला लागल्या. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी, गुडघेदुखी ही मुळात पोटातून येते, हे कागदावर आकृती काढून समजावलं. आणि लंगडणं. लंगडणं हे काही खायचं काम नाही. दोन दिवस वैजयंताबाई नीट लंगडल्या. तिसऱ्या दिवशी भाजी घेऊन येताना गेटवरचा वॉचमन म्हणाला, "भाभीजी, कल तो दूसरा पैर था ना?"

वैजयंताबाईंनी क्षणभर विचार केला. "दर्द घूमता है," त्या म्हणाल्या.

तो हळहळला. त्याच्या गावी एका मावशीचं असंच होतं म्हणे.

इथपर्यंत प्रकरण घरगुती होतं. ते सरकारी झालं आत्मारामभाऊंमुळे. इमारतीच्या दाराला चार पायऱ्या आहेत, त्यांच्या बाजूला उतार बांधायचा विषय अकरा वर्षं दर सभेत निघत होता आणि दर सभेत 'गरज कोणाला आहे?' या प्रश्नावर बसत होता. डॉरिसबायना होती, पण त्या म्हणायच्या, माझं चाललंय. आता आत्मारामभाऊंना कागदावर दाखवता येईल असा गुडघा मिळाला. ते अर्जाचा नमुना घेऊन आले.

"वहिनी, तुम्ही फक्त सही करा. तीन प्रती. सोबत हाडाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि एक्स-रे. अकरा वर्षांचं काम तुमच्या पायाने होणार आहे."

"भाऊ, इतकंही काही नाही हो..."

"मोठेपणा आहे तुमचा. पण सर्टिफिकेट लागेल."

नाही म्हणावं तर लंगडता का, आणि हो म्हणावं तर एक्स-रे. एक्स-रे तर खोटं बोलत नाही. वैजयंताबाईंची झोप उडाली. पण हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, मान डोलावली आणि म्हणाले, "झीज आहे थोडी. या वयात असतेच."

वैजयंताबाईंना इतकं बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना नॉर्मल म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी एक नी-कॅप आणि महिनाभराची फिजिओथेरपी लिहून दिली. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि इमारतीच्या दारात विटा येऊन पडल्या.

त्याच आठवड्यात सलोनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, एक विचारू? तुला यायचंच नाहीये का?"

"असं कसं बोलतेस गं."

"नाही, सासूबाई विचारत होत्या. मी म्हटलं, गुडघा आहे. पण मलाच वाटलं, विचारावं."

फोन ठेवल्यावर समजाबाई म्हणाली, समजा, पोरीला वाटलं की आईला मी नकोशी झाले. आणि वैजयंताबाईंच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत ही बया पहिल्यांदा खरं बोलली. त्यांनी पोह्यांचा डबा परातीत पालथा केला.

चिठ्ठीवरचा पत्ता मीरा रोड स्टेशनजवळचा. योगायोग असा, की त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपी होती आणि दुसऱ्यावर काउन्सेलर मॅडम. घरून गुडघा म्हणून निघायचं आणि एक मजला जास्त चढायचं. हाटकेशहून तिथपर्यंतची रिक्षाही जड गेली. दोनदा उतरून पाणी प्याल्या. वर पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. नाव, वय, फोन, आणि पुढे : येण्याचं कारण. त्या ओळीपुढे वैजयंताबाईंचं पेन बराच वेळ घुटमळलं. आजूबाजूला माणसं बसलेली. मुलगी बघतेय. त्यांनी लिहिलं : गुडघा, उजवा.

मृणालिनी मॅडम पस्तिशीच्या असतील. खोलीत झोपायचं कोचबिच काही नव्हतं. दोन साध्या खुर्च्या आणि खिडकीत एक मरगळलेलं मनीप्लांट. त्यांनी फॉर्म वाचला. हसल्या नाहीत, 'पहिला मजला' असंही म्हणाल्या नाहीत.

"काय म्हणतो गुडघा?" त्यांनी विचारलं.

वैजयंताबाईंनी मनीप्लांटकडे बघितलं. "तो म्हणतो," त्या म्हणाल्या, "पुलावर जायचं नाही." आणि आपण रडतोय हे त्यांना ब्लाउजची बाही ओली झाल्यावर कळलं.

त्या दिवशी आणि त्यानंतरच्या गुरुवारी पुष्कळ बोलणं झालं. मॅडमनी सांगितलं त्यातलं वैजयंताबाईंना जे समजलं ते असं, की भीती काही वाईट नाही, ती राखणीला बसलेलं कुत्रं आहे. फक्त आपलं कुत्रं आता कावळ्यावरही भुंकायला लागलंय. आपण पळालो की त्याला वाटतं, बघा, भुंकलो म्हणून वाचले. पळायचं नाही. भीती चढते तशी उतरते, तिला उतरायला वेळ द्यायचा. लागलं तर औषधांसाठी मानसोपचाराचे डॉक्टरही आहेत, त्यात लाज नाही. आणि एकदम पुलावर उडी मारायची नाही. पायऱ्या करायच्या.

"आमच्याकडे पायऱ्यांशेजारी आता उतार करतायत," वैजयंताबाई म्हणाल्या.

पायऱ्या ठरल्या. लिफ्ट. केबिन रोड. काशीमीऱ्याचा नाका. वरसाव्याला जाऊन पुलाच्या अलीकडे नुसतं उभं राहायचं. मग अर्धा पूल. मग पूल. लिफ्टची पायरी डॉरिसबायने आधीच चढवून टाकली होती, हे ऐकून मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"आणि एक," त्या म्हणाल्या. "कोणातरी एकाला खरं सांगायचं. घरातलं, शेजारचं, कोणीही."

"ती पायरी शेवटी ठेवू," वैजयंताबाई म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे बिल्डिंगच्या मते त्या फिजिओथेरपीला जात होत्या. प्रत्यक्षात त्या केबिन रोडच्या गर्दीत बांगड्यांच्या दुकानासमोर उभ्या राहून छातीतलं धुणं वाळत पडेपर्यंत थांबत होत्या. वरसाव्याला पुलाच्या अलीकडच्या टपरीवर त्यांनी पाच दिवस चहा प्यायला. पहिल्या दिवशी कप हातात धरवेना. पाचव्या दिवशी, चहात साखर फार आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. माणूस सुधारल्याची ही मोठी खूण असते. परत येताना रिक्षा गेटच्या दोनशे पावलं अलीकडे सोडायच्या आणि तिथून लंगडायला सुरुवात.

लंगडत वर आलं की दारात डॉरिसबाय.

"फरक न्हाय ना?" त्या एका रविवारी म्हणाल्या. "नसू दे. आज मी माउलीला पाय लावला तुज्यासाटी."

"कसला पाय?"

"मेनाचा. उजवा. गुडग्यापासून खाली मिलतो, पन मी म्हटलं, न्हाय, गुडगा आला पायजे, म्हनून मांडीपासनं घेतला."

आतून कोंडिराम बाहेर आले. "डॉरिसबाय, आमच्यात नवस करत नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही."

"तुमच्यात न्हाय ना, भावोजी? नवस माजा हाय. मेन माजं हाय. तुमचं काय जातं?"

कोंडिरामांनी बावीसच्या बावीस मनातल्या मनात तपासल्या. दुसऱ्याने केलेल्या नवसाबद्दल त्यात थेट काही सापडेना. ते आत गेले. वैजयंताबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. खोट्या गुडघ्यासाठी खरा पाय. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अर्धा पूल ही पायरी पुढच्या गुरुवारनंतरची होती. पण शुक्रवारी सलोनीचा फोन आला. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, न्यायचं तर या रविवारी न्या, नंतर प्रवास नको. सासूबाई म्हणाल्या होत्या, आईंना जमत नसेल तर राहू दे, आम्ही करू सगळं. त्या 'आम्ही करू'मध्ये काय काय होतं ते वैजयंताबाईंना वसईपासून हाटकेशपर्यंत ऐकू आलं.

"रविवारी येते मी," त्या म्हणाल्या. समजाबाई डोक्यात उठून उभी राहिली.

कोंडिराम गाडी ठरवणार होते. पण डॉरिसबाय ऐकतील तर ना. त्यांनी चर्चमधून एक व्हीलचेअर मागून आणली होती, ती साध्या गाडीच्या डिकीत मावेना, म्हणून त्यांनी गेविनला त्याची व्हॅन घेऊन बोलावलं. त्या व्हॅनमधून एरवी बोंबील आणि करंदी जायची. गेविनने ती तीनदा धुतली होती, उदबत्ती लावली होती. त्यामुळे आता उदबत्ती लावलेल्या बोंबलांचा वास येत होता.

रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग खाली. उताराचं सिमेंट ओलं होतं, म्हणून वैजयंताबाईंना व्हीलचेअरसकट चार जणांनी उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं. नवरीलाही कोणी इतकं जपून आणत नाही. आत्मारामभाऊंनी फोटो काढला, ठरावाच्या फाइलला लावायला. वॉचमनने विचारलं, "आज कौन सा?" वैजयंताबाईंनी दोन्ही पायांकडे मोघम हात केला.

काशीमीऱ्यापर्यंत ठीक. वरसाव्याचा नाका आला, चहाची टपरी गेली, आणि व्हॅन पुलावर चढली. पाव पूल. आणि थांबली. पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली खाडी. टँकरसुद्धा होता.

छातीत पहिला धपाटा बसला. वैजयंताबाईंनी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही तळपाय खाली टेकवले आणि श्वास सावकाश सोडला. उदबत्ती-बोंबील आत गेलं. दुसरा श्वास घ्यावा की नाही असा पेच पडला. दहा मिनिटं झाली. हातांना मुंग्या. समजाबाई उच्च स्वरात. डॉरिसबाय कौतुकाने त्यांच्या गुडघ्यावर फुंकर घालत होत्या.

वैजयंताबाईंनी व्हॅनचं दार सरकवलं आणि त्या उतरल्या.

एका बाजूला परत जायचा रस्ता, दुसऱ्या बाजूला वसई. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे. कोंडिराम म्हणतात, क्षणभरच. मग त्या वसईच्या बाजूला वळल्या आणि कठड्याच्या कडेकडेने, तुंबलेल्या ट्रकांच्या बाजूने, ताडताड चालायला लागल्या. जराही न लंगडता.

"माय गो," मागून डॉरिसबायचा आवाज आला. "पाय लागला. माउलीला पाय लागला." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गेविनला व्हीलचेअर काढायला लावली आणि रिकामी खुर्ची ढकलत त्या मागे निघाल्या. त्यांच्यामागे फळांची करंडी आणि नी-कॅप घेऊन कोंडिराम. एका ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढून डॉरिसबायना विचारलं, "अम्मा, बैठने के लिए लाए हो कि घुमाने के लिए?"

पुलाच्या बरोबर मध्यावर वैजयंताबाईंचे पाय थांबले. दोन्ही. पुढे तेवढाच, मागे तेवढाच. डोळ्यांपुढे काजवे. मागून खुर्ची आली ती गुडघ्यांच्या मागे लागली आणि त्या मटकन तीत बसल्या. सकाळपासून त्या खुर्चीचा पहिला खरा उपयोग झाला.

"गुडगा?" धापा टाकत डॉरिसबायनी विचारलं.

"नाही." वैजयंताबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "डॉरिसबाय, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मला भीती वाटते. पुलाची, लिफ्टची, सगळ्याची. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे. मी गुडघ्याच्या नावाखाली काउन्सेलर मॅडमकडे जाते. आत्तासुद्धा मला वाटतंय मी मरणार."

टँकरवाला भोंगा वाजवत होता, त्याला तेवढंच येत होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" कोंडिराम म्हणाले.

"मी काय सांगणार होते? ईसीजी नॉर्मल आहे म्हणून?"

कोंडिरामांनी करंडी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे लाइन तुटलेली नाही," ते सावकाश म्हणाले. "खरखर आहे. खरखर असली की आम्ही लाइन तोडत नव्हतो गं. कानाला लावून बसायचो. कुठून येते ते कळेपर्यंत." आणि ते खुर्चीशेजारी, पुलावर, उकिडवे बसले.

डॉरिसबायनी मात्र आपला हात सोडवून घेतला.

"महिनाभर," त्या म्हणाल्या, "माजं त्याल तुज्या गुडग्याला. माजा गुडगा कोरडा. उत्तनला चालत ग्येले देवलापत्तुर. तू येक सबद बोलली न्हाय."

तेव्हा वैजयंताबाईंनी वर बघितलं. डॉरिसबाय एका पायावर उभ्या होत्या. दुसरा जेमतेम टेकलेला, खुर्चीच्या दांड्याला धरून सगळा भार हातांवर. तो सुजला होता. खरा गुडघा महिनाभर शेजारच्या दारात होता आणि त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. बिल्डिंगने नाही, आणि वैजयंताबाईंनी तर नाहीच. त्यांना आपल्या डोक्यातल्या बाईचंच ऐकायला वेळ पुरत नव्हता.

छातीत अजून आपटत होतं. वैजयंताबाई उठल्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"बसा म्हणते ना, डॉरिसबाय."

"मी न्हाय बसायची. खोटारडी तू."

"शिव्या बसून द्या."

डॉरिसबाय बसल्या. वैजयंताबाईंनी दांडे धरले आणि खुर्ची ढकलली. डॉरिसबायचं वजन काही कमी नव्हतं. हात भरून आले, कपाळावरून घाम निथळला, आणि या वेळी तो कशाचा हे त्यांना नेमकं माहीत होतं. समजाबाई बोलतच होती. समजा पडलीस, समजा खुर्ची सुटली. "धर मग," वैजयंताबाई पुटपुटल्या, आणि ढकलत राहिल्या.

पूल संपायच्या बेताला ट्रॅफिक सुटला. गेविन व्हॅन घेऊन बाजूला आला. "ताई, बसा ना."

"तू हो पुढे," डॉरिसबायनीच सांगितलं. "थोडाच ऱ्हायलाय."

वसईला सलोनी गॅलरीत उभी होती. खाली व्हॅनमधून आई उतरली, तरातरा मागे गेली, व्हीलचेअर काढली, तीत डॉरिस आंटींना बसवलं आणि ढकलत आणलं. मागून पप्पा, हातात नी-कॅप.

"आई," दार उघडून सलोनी म्हणाली, "गुडघा आंटींचा होता का?"

"हो," वैजयंताबाई म्हणाल्या. "माझं दुसरंच आहे. सांगते, आधी तुला बघू दे." आणि तिच्या पोटावर हात ठेवून त्या जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. सलोनीने त्या हातावर आपला ठेवला.

परत येताना पुलावर पुन्हा छातीत सुरू झालं. शेजारी बसलेल्या कोंडिरामांनी हळूच विचारलं, "खरखर?"

"हो."

"असू दे. ऐकतोय मी."

वैजयंताबाई अजूनही गुरुवारी जातात. फॉर्मवरचं 'गुडघा, उजवा' त्यांनी खोडलं आणि खरं कारण लिहिलं. डॉरिसबाय चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी रिकामी तेलाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भर," म्हणाल्या. आता त्या दोघी गुरुवारी एकाच रिक्षाने जातात. एक पहिल्या मजल्यावर, एक दुसऱ्या.

राहिला उतार. सिमेंट वाळल्यावर उद्घाटनाला वैजयंताबाईंनीच फीत कापावी, आणि जमल्यास जरा लंगडून, असा आत्मारामभाऊंचा आग्रह. त्याआधी वैजयंताबाईंनी त्यांना एक पत्र दिलं. अर्जातलं कारण चुकीचं आहे, उताराची गरज श्रीमती डॉरिस बोर्जिस यांना आहे, मला आजार आहे तो वेगळा. आणि तो कोणता, तेही लिहिलं. सोबत तीन प्रती.

आत्मारामभाऊंनी ते उभ्याउभ्या वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडून वाचलं. वैजयंताबाई आता काय ऐकायला लागणार म्हणून तयारीत होत्या. भाऊंनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"वहिनी, त्या मॅडमचा नंबर मिळेल का? माझ्या साडूसाठी हवा होता. त्याला हल्ली मीटिंगच्या आधी... म्हणजे, तो गाडीच चालवत नाही."

वैजयंताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बिल्डिंगमध्ये चार महिने धूळ खात उभी असलेली एकच गाडी होती, आणि ती सेक्रेटरींची होती.

"देते की," त्या म्हणाल्या. "कुठला गुडघा दुखतो साडूंचा?"

आत्मारामभाऊंनी पत्राची घडी खिशात घातली.

"डावा," ते म्हणाले.